पालेभाजीचे बी: संकराला विरोध नाही, मक्तेदारीला आहे

संकरित पालेभाज्यांचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. एका तटावर बियाणे कंपन्या आणि त्यांची भाषा बोलणारे तज्ज्ञ असतात. ते सांगतात, संकरित वाण लावा, उत्पन्न वाढवा, प्रक्रिया उद्योग तुमच्या दारात येईल. दुसऱ्या तटावर 'देशी'चा जप करणारे असतात. त्यांच्या मते संकरित म्हणजे विष, आपल्या पूर्वजांचे बी शुद्ध होते आणि आता त्याच शुद्धतेकडे परत गेले पाहिजे. दोन्ही तटांवरून भाषणे जोरात होतात. पण ज्या बाया पहाटे उठून मेथी उपटतात, जुड्या बांधतात, परक्याच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर दिवसभर वाकून काम करतात, त्यांचा या बियाण्यात वाटा किती, हा प्रश्न एकही तट विचारत नाही. आंबेडकरी चळवळीने तो विचारला पाहिजे. नाही तर जमिनीच्या वाटपात आपण जसे मागे राहिलो, तसेच बियाण्याच्या वाटपातही मागे राहू.

'संकर' या शब्दाची भीती कोणाला?

आधी शब्दाचा हिशेब करू. 'संकर' हा शब्द आपल्या देशात शेतीच्या पुस्तकातून आलेला नाही. मनुस्मृतीचा दहावा अध्याय वर्णसंकराच्या याद्यांनी भरलेला आहे. कोणत्या वर्णाचा पुरुष आणि कोणत्या वर्णाची स्त्री एकत्र आल्यास कोणती 'हीन' जात जन्मते, याचा तो तक्ता आहे. चांडाळाची उत्पत्ती तिथेच सांगितली आहे. गीतेतल्या अर्जुनालाही युद्धाआधी भीती वाटते ती वर्णसंकराचीच. म्हणून काही मंडळी 'संकरित बियाणे' म्हणताच नाक मुरडतात आणि 'शुद्ध देशी' म्हणताच हात जोडतात, तेव्हा तिथे शेतीशास्त्र किती आणि जुना संस्कार किती, हे तपासून पाहावे लागते.

मात्र आपणही उलट्या बाजूची चूक करू नये. 'बघा, झाडांत संकराने जोम वाढतो, म्हणून माणसांतही आंतरजातीय विवाहाने संतती सुधारते,' असे युक्तिवाद आपल्याकडचे काही उत्साही लोक करतात. ही वाट धोक्याची आहे. १९३६ च्या 'जातिनिर्मूलन'मध्ये बाबासाहेबांनी सुप्रजननशास्त्राच्या नावाने होणारे जातीचे समर्थन साफ फेटाळले. जात म्हणजे वंश नव्हे. पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. आंतरजातीय विवाह हवा तो समतेसाठी, 'सुधारित वाणा'साठी नाही. माणूस हा माणूस आणि कोबी हा कोबी. तेव्हा संकर हे एक तंत्र आहे, ते पवित्रही नाही आणि अपवित्रही नाही. ते कोणाच्या हातात आहे, एवढाच खरा प्रश्न आहे.

कुलूप कसे लागते

संकरित बियाणे म्हणजे काय? वेगवेगळ्या गुणांच्या दोन वाणांना आधी पिढ्यानपिढ्या एकसारखे करून घ्यायचे आणि मग त्या दोघांचे मीलन घडवून पहिल्या पिढीचे बी विकायचे. ही पहिली पिढी एकसारखी आणि जोमदार निघते. पण शेतकऱ्याने त्या पिकाचे बी राखून पुन्हा पेरले तर गुण विखुरतात. एक झाड उंच, एक बुटके, एकाचे पान रुंद, दुसऱ्याचे अरुंद. असे का होते, ते मेंडेलने १८६६ सालीच मांडून ठेवले आहे. त्यामुळे शेतकऱ्याला दर हंगामात दुकानात जावेच लागते. मूळचे दोन पालक वाण कंपनीच्या गोदामात राहतात. त्यांची नावेही पाकिटावर नसतात.

आता आपला कायदा पाहा. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ हा जगातल्या शेतकऱ्याच्या बाजूने असलेल्या मोजक्या कायद्यांपैकी एक आहे. त्याच्या कलम ३९ प्रमाणे शेतकऱ्याला बी राखण्याचा, वापरण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचाही हक्क आहे. अट एकच, संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने विकायचे नाही. हक्क चांगला आहे. पण संकरित बियाण्यापुढे तो कागदावरच राहतो. कायद्याने दिलेले निसर्गाच्या नियमाने काढून घेतले जाते. न्यायालय नको, वकील नको, नोटीस नको. बी पुन्हा पेरले तरी उपयोग नाही, इतकेच पुरेसे होते. याला मी जैविक कुलूप म्हणतो. आणि कुलूप असले की किल्ली कोणाकडे आहे, हे विचारावेच लागते.

कोबीचे काय झाले

पालेभाज्यांच्या कुळातला कोबी या कुलपाचे उत्तम उदाहरण आहे. कोबीचे झाड बहुधा स्वतःचेच परागकण नाकारते. शास्त्रज्ञांनी या गुणाचा उपयोग करून घेतला. स्वतःचे पराग न स्वीकारणारे दोन वाण शेजारी लावले की मधमाश्या एकाचे पराग दुसऱ्यावर नेतात आणि बी आपोआप संकरित होते. जपानी कंपन्यांनी १९५० च्या सुमारास हे तंत्र बाजारात आणले. पुढे १९६८ साली ओगुरा या जपानी संशोधकाने मुळ्यात नर-वंध्यत्वाचा गुण शोधला. तो गुण कोबीवर्गात उतरवला गेला आणि संकरित बी तयार करणे आणखी सोपे झाले.

त्यात कोबीला फुलण्यासाठी कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते. नाशिक, पुणे, साताऱ्याच्या सपाटीवर कोबीचा गड्डा होतो, पण फुलोरा येऊन बी धरत नाही. ते बी कुलूसारख्या हिमालयातल्या खोऱ्यात किंवा परदेशात तयार होते. म्हणजे आपल्या शेतकऱ्याला कोबीत दोन कुलपे लागली, एक हवामानाचे आणि दुसरे संकराचे. 'गोल्डन एकर'सारखे सरळ वाण एकेकाळी घरोघरी लावले जात. आज बाजारातल्या कोबीवर खासगी संकरित वाणांचे राज्य आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. संकरित कोबीचे गड्डे एका आकाराचे येतात, एकाच वेळी काढणीला येतात, काही वाण रोगालाही तोंड देतात. शेतकरी मूर्ख म्हणून महागडे पाकीट घेत नाही, हिशेब करून घेतो. म्हणून 'संकरित नको' एवढे सांगून भागत नाही. हिमाचलातल्या कटराईन येथील सरकारी संशोधन केंद्राने कोबीचे संकरित वाण काढले आहेत. सार्वजनिक पैशातून संकर होऊ शकतो, याचा तो पुरावा आहे. अडचण ही की असे काम वाढवायच्या ऐवजी सरकारने मैदान सोडले. १९८८ च्या नव्या बियाणे धोरणाने परदेशी भाजीपाला बियाण्यांच्या आयातीची दारे उघडली आणि सार्वजनिक संशोधन मागे पडत गेले.

मेथी, माठ आणि पालक अजून मोकळे आहेत

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्या ताटातल्या बहुतेक पालेभाज्यांना हे कुलूप अजून पक्के लागलेले नाही. का? कारण त्यांचा संकर करणे अवघड किंवा महाग आहे. मेथीचे फूल स्वतःचेच पराग घेते. शिवाय मेथी एकरी किलो-दोन किलो नव्हे, भरपूर बी घेऊन दाट पेरतात. इतके बी हाताने संकर करून कोण तयार करणार? माठाचे बी इतके बारीक की एका किलोत दहा लाखांच्या वर दाणे भरतात, आणि फुलेही तितकीच बारीक. आपला पालक बीटाच्या कुळातला, त्याचे पराग वाऱ्यावर उडतात. कोथिंबीर, चुका, चाकवत, अंबाडी यांचीही साधारण हीच कथा. 'ऑल ग्रीन' किंवा 'पुसा ज्योती' पालक, 'पुसा किरण' माठ हे सरळ वाण आहेत. भेसळ टाळून बी राखले तर तीच भाजी पुढच्या वर्षी मिळते.

विलायती पालकाचे मात्र वेगळे झाले. तो आपल्या पालकाहून निराळा आहे. त्यात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. त्यामुळे संकर सोपा. केवडा रोगाच्या नवनव्या प्रकारांना तोंड देणारे संकरित वाण युरोप-अमेरिकेत आले आणि गोठवलेल्या पालकाच्या कारखान्यांनी ते उचलले. जगातले निम्म्याहून अधिक विलायती पालकाचे बी आज एकट्या डेन्मार्कमध्ये तयार होते. कारखाना, वाण आणि बीजोत्पादन एका साखळीत कसे बांधले जाते, ते यातून दिसते. आपल्याकडे पालक पनीरचे तयार डबे, वाळवलेली मेथी, शेवग्याच्या पाल्याची भुकटी यांचा बाजार वाढतो आहे. उद्या हीच साखळी इथे येणार. ती आल्यावर रडण्यापेक्षा येण्याआधी बोललेले बरे.

कारखान्याला काय हवे, आपल्या घराला काय हवे

प्रक्रिया उद्योगाला एकसारखे पान हवे, गडद हिरवा रंग हवा, देठ कमी हवा, यंत्राने एका कापणीत माल निघायला हवा. त्यात चूक काही नाही. पण वाण पैदास करणाऱ्यापुढे एवढीच यादी असेल तर बाकीच्या गोष्टी गळून पडतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. पालेभाजीत लोह असते, पण पालकात आणि माठात ऑक्झलेटही असते. ऑक्झलेट कमी असलेला, पुन्हा पुन्हा खुडता येणारा, उन्हाळ्यात कमी पाण्यावर तग धरणारा माठ ही गरीब घराची गरज आहे. कारखान्याच्या यादीत ती नाही. मग ती गरज कोण पुरवणार? सार्वजनिक विद्यापीठांनीच पुरवायची. राज्यात चार कृषी विद्यापीठे आहेत. राहुरीच्या विद्यापीठाला तर महात्मा फुल्यांचे नाव आहे. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या माणसाचे नाव लावायचे आणि पालेभाजीचे संशोधन किरकोळ समजायचे, हे जुळत नाही.

प्रक्रिया उद्योग आणि बियाण्याची मालकी एका हातात गेली की काय होते, ते गुजरातच्या बटाट्याने दाखवले. पालेभाजी नव्हे, पण धडा तोच. २०१९ साली पेप्सिको कंपनीने चिप्सच्या बटाट्याचे आपले वाण लावल्याबद्दल गुजरातमधल्या शेतकऱ्यांवर दावे लावले. काहींकडून तर प्रत्येकी एक कोटीहून अधिक भरपाई मागितली. देशभर ओरड झाल्यावर दावे मागे घेतले. डिसेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणाने त्या वाणाची नोंदणी रद्द केली, पण जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. कलम ३९ कायद्यात होते, तरी शेतकऱ्याला कोर्टात उभे राहावे लागलेच. ज्याच्याकडे चार एकर बटाटा होता त्याची ही गत. मग ज्याच्याकडे चार गुंठे मेथी आहे त्याचे काय?

शेडनेटखाली कोण वाकते?

जालना ही बियाण्यांची राजधानी म्हणवते. शेजारी बुलडाण्यातल्या देऊळगाव राजा भागात आणि कर्नाटकात राणेबेन्नूरच्या परिसरात मिरची, टोमॅटो, काकडी यांचे संकरित बी शेडनेटमध्ये तयार होते. फूल उमलण्याआधी चिमट्याने पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे, खूण करायची. दिवसाला शेकडो फुले. याला तिकडे 'क्रॉसिंग' म्हणतात. हे काम बहुतेक बाया आणि पोरीच करतात. 'त्यांची बोटे नाजूक असतात' असे सांगितले जाते. बोटे नाजूक नसतात, मजुरी नाजूक असते. संकरित कापसाच्या बीजोत्पादनात आंध्र, गुजरात, कर्नाटकात दलित-आदिवासींच्या लहान मुली राबवल्या गेल्या, हे २००० नंतरच्या दशकात वारंवार उघडकीस आले. पालेभाज्यांत हाताचे क्रॉसिंग परवडत नाही, तिथे भेसळ झाडे ओळखून उपटण्याचे काम असते. पण धंद्याचा नमुना तोच आहे.

तो नमुना असा. कंपनी पालक बी देते. मधला ऑर्गनायझर गावात प्लॉट ठरवतो. शेतकरी बी पिकवून देतो. कंपनी त्या बियाची शुद्धता तपासते. तपासणीत लॉट नापास झाला तर पैसे नाहीत. तपासणी कंपनीची, निकाल कंपनीचा, अपील कोणाकडेच नाही. नुकसान शेतकरी सोसतो आणि त्याच्या आधी मजुरीतून ते मजुरावर ढकलतो. या उतरंडीत सगळ्यात खाली कोण आहे, हे सांगायला जातीचा दाखला मागायची गरज नाही. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती देशाच्या लोकसंख्येच्या १६.६ टक्के होत्या. २०१५-१६ च्या कृषी गणनेत वहितीच्या जमिनीतला त्यांचा वाटा दहा टक्क्यांच्याही आत होता. जमीन नाही म्हणून प्लॉट नाही, प्लॉट नाही म्हणून करार नाही, करार नाही म्हणून फक्त मजुरी.

'देशी'च्या आरतीने पोट भरत नाही

दुसऱ्या तटालाही दोन शब्द. तरोटा, कुरडू, घोळ, पाथरी, चिवळ, कुंजर या भाज्या आज शहरात 'रानभाजी महोत्सवा'त मिरवतात. कालपर्यंत त्या कोण खात होते? ज्यांच्याकडे मळा नव्हता ते. बांधावरचे, गायरानावरचे, दुसऱ्याच्या शेतातले तण खुडून ज्यांनी पोरे जगवली त्यांनी कोणता पाला खायचा, कोणता दोनदा उकळून पाणी टाकायचे, कोणता कधी कडू होतो, हे ज्ञान जपले. मराठवाड्यातल्या दलितांच्या या खाद्यसंस्कृतीवर शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिले तेव्हा कुठे ती छापील अक्षरात आली. तेच ज्ञान आता 'प्राचीन ऋषींची देणगी' म्हणून पॅकेटात विकले जाते. ज्याला उपाशीपोटी शिकावे लागले त्याचे नाव पॅकेटावर नाही.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शेकडो गावरान वाणांचे बी जपले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हा सन्मान योग्यच आहे. पण एका बाईला पद्मश्री देऊन हजारो बायांचा हिशेब मिटत नाही. कायद्यात शेतकऱ्यांच्या वाणाची नोंदणी करता येते, त्याला शुल्कही लागत नाही. गावसमूहाला वाणाच्या उत्पत्तीतल्या योगदानाबद्दल भरपाई मागता येते, त्यासाठी राष्ट्रीय जनुक निधी आहे. आपल्या किती वस्त्यांना हे माहीत आहे? सत्कार आणि वाटा यांत फरक आहे. आपल्याला वाटा हवा.

'गाव सोडा' म्हणणाऱ्यांना उत्तर

आपल्यातलेच काही मित्र म्हणतील, बाबासाहेबांनी गाव सोडायला सांगितले आणि तुम्ही पुन्हा मातीत घालता. बाबासाहेबांनी गावाचे गोडवे गायले नाहीत, हे खरे आहे. पण शेती त्यांनी सोडून दिली नव्हती. १९१८ मध्ये त्यांनी लहान धारण क्षेत्रांवर निबंध लिहिला. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक'मध्ये शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमीन जातिभेद न पाहता गावकऱ्यांना कसायला द्यावी आणि ती सामूहिक पद्धतीने कसावी, अशी योजना मांडली. १९५६ च्या आग्र्याच्या भाषणात खेड्यातल्या भूमिहीनांविषयीची खंत त्यांनी बोलून दाखवली. तीच खंत घेऊन दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले.

आणि बीजोत्पादन म्हणजे नांगरामागचे जुने जिणे नव्हे. ते ज्ञानाचे काम आहे. तिथे वनस्पतीशास्त्र लागते, नोंदवही लागते, प्रयोगशाळा लागते, कायदा लागतो. आपली मुले कृषी पदवी घेऊन स्पर्धा परीक्षांच्या रांगेत वर्षे घालवतात. त्यांच्यासाठी हे क्षेत्र उघडे आहे. सामूहिकतेची गरज तर इथे शास्त्रानेच सांगितली आहे. मेथीच्या शुद्ध बियासाठी दोन प्लॉटमध्ये काही मीटर अंतर पुरते, पण पालकासाठी ते हजार मीटरच्या घरात जाते. दोन एकरवाला एकटा हे अंतर राखू शकत नाही. वस्तीने मिळून एकच वाण लावायचे ठरवले तर राखू शकतो.

मागण्या साफ आहेत

पहिली, चारही कृषी विद्यापीठांनी मेथी, माठ, पालक, कोथिंबीर, अंबाडी यांचे सरळ वाण पैदास करण्याला प्राधान्य द्यावे. संकरित वाण काढले तर त्यांचे पालक वाण अनुसूचित जाती-जमातींच्या आणि भटक्या-विमुक्तांच्या बचत गटांना बीजोत्पादनासाठी परवडणाऱ्या दरात द्यावेत. किल्ली जनतेच्या हातात असेल तर कुलपाची भीती नाही.

दुसरी, कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन मिळते. ज्यांना ती मिळाली त्यांच्या जमिनीवर आणि कसत असलेल्या गायरानांवर बीजग्राम उभे करावेत. पालेभाजीच्या बियाला जमीन थोडी लागते, निगराणी जास्त लागते. निगराणी आपल्या बायांना येते.

तिसरी, बीजोत्पादनाचा करार मराठीत असावा, त्याची प्रत शेतकऱ्याकडे असावी, नमुन्याचा एक भाग तिसऱ्या संस्थेकडे सीलबंद राहावा आणि नापास लॉटलाही किमान मोबदला असावा. प्लॉटवर बालमजूर सापडला तर जबाबदारी ऑर्गनायझरवर ढकलू नये, ती कंपनीची धरावी.

चौथी, प्रक्रियेतला वाटा. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान आहे. बचत गटाच्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल आहे. ओल्या पाल्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते. दहा किलो मेथी वाळवली तर किलोभर हाती येते, पण भाव पडल्यावर उकिरड्यावर फेकायची वेळ टळते. अडचण बँकेच्या दारात येते. तारण नाही म्हणून फाइल परत येते. म्हणून अनुसूचित जाती उपयोजनेच्या निधीतून या कर्जांना हमी मिळाली पाहिजे.

या मागण्या कोणी आपणहून पुऱ्या करणार नाही. तोवर प्रत्येक वस्तीतल्या बचत गटाने या रब्बीत एक काम करावे. मेथीचा एक वाफा न खुडता बियासाठी सोडावा, घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारून जुन्या पालेभाज्यांची नावे आणि बी गोळा करावे, कोणाकडून मिळाले त्याची नोंद करावी. वाणाच्या नोंदणीचा अर्ज त्या नोंदीवरच उभा राहतो. चवदार तळ्यावर आपण पाण्याचा हक्क मागितला तेव्हा पाणी काही आपल्यासाठी नवे नव्हते, हक्क नवा होता. बियाण्याचेही तसेच आहे. बी आपल्याच हातांनी पिकते. आता त्यावर हक्क सांगायचा आहे.

जय भीम!